चाळीस लिटरचा समुद्र

सोलापूरला समुद्र नाही, ह्याचं सोलापूरकराला कधी फारसं वाईट वाटलेलं नाही. शेंगा सोलत पाण्याकडे बघत बसायचं तर सिद्धेश्वराचं तळं आहे, विजापूर रस्त्याला कंबर तलाव आहे, हिप्परग्याला साहेबाच्या काळातला एकरुख तलाव आहे. समुद्रच बघायचा झाला तर रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये झोपायचं आणि सकाळी मुंबईत उठायचं. 2025च्या जूनपासून तर गोव्याला विमानही सुरू झालंय. एवढं सगळं असताना ह्या गावात अधूनमधून असा एखादा माणूस निपजतोच, ज्याला समुद्र घरात हवा असतो. टीव्हीच्या शेजारी, शोकेसला लागून, प्लगपॉइंट बघून.

तो कोण, कुठल्या पेठेतला, हे विचारू नये. प्रत्येक पेठेत एक असतो. आपण त्याला नुसतं ‘हौशी’ म्हणू.

हौशीची सुरुवात सगळ्यांसारखी गप्पीपासून होते. गप्पी हा सरकारी नोकरीतला मासा; डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खातं त्याला हौदात नेमून देतं. गप्पीनंतर गोल्डफिश, गोल्डफिशनंतर कपाळावर टेंगूळ मिरवणारा फ्लॉवरहॉर्न. फ्लॉवरहॉर्न घरात लक्ष्मी आणतो अशी समजूत आहे, आणि निदान विकणाऱ्याच्या घरात तरी तो ती आणतोच. मग मे महिन्यातल्या एका रात्री, पंखा वरून भट्टीची हवा खाली ढकलत असताना, झोप न येणाऱ्या हौशीला मोबाइलवर ती जोडी दिसते.

जोडी गोबीची आणि कोळंबीची. कोळंबी जवळजवळ आंधळी, पण खोदकामात पटाईत. वाळूचा ढीग नांग्यांनी पुढे लोटत ती जेसीबीसारखी बिळातून बाहेर येते, उंबऱ्याशी ओतते आणि मागच्या पावली आत जाते. गोबी हा बोटाएवढा मासा. डोळे डोक्याच्या वर, नजर तिखट, पण खोदकाम शून्य. तो बिळाच्या तोंडाशी पोट टेकून बसून राहतो. कोळंबी बाहेर आली की तिची एक लांब मिशी त्याच्या अंगाला टेकलेली असते, रस्ता ओलांडताना आजी नातवाच्या खांद्यावर हात ठेवते तशी. काही हललं की गोबी शेपटी थरथरवतो, आणि कोळंबी हातातलं काम टाकून माघारी फिरते. संकट फारच जवळ आलं तर गोबी स्वतःच मुंडकं घालून बिळात शिरतो. गोबींच्या शंभरावर जाती अशा कोळंब्यांच्या घरात राहतात. भाडं नाही, डिपॉझिट नाही; पहारा तेवढा द्यायचा.

हौशी हे तीनदा बघतो. त्याची आई चष्मा हरवलेला असतानाही दिवसभर काहीतरी उपसत असते आणि वडील दारात खुर्ची टाकून गल्लीत कोण आलं, कोण गेलं ते आत कळवत असतात. एवढी ओळखीची गोष्ट समुद्राच्या तळाशी चालते म्हटल्यावर ती घरी आणायलाच हवी.

खरं म्हणजे गोबी हे नाव विलायती. मंडळी परकी नाहीत. कोकणातल्या खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारी आणि पुढे कालवणात जाणारी निवटी ह्याच गोतावळ्यातली. भीमेतही ग्लोसोगोबियस ग्युरिस नावाचा एक गोबी राहतो आणि उजनीच्या पाण्यात जाळ्याला लागतो. म्हणजे हौशी ज्याच्यासाठी समुद्र घरी आणायला निघालाय, त्याचा चुलतभाऊ शहराच्या नळाच्या उगमाशीच बसलेला आहे. पण हे हौशीला सांगून उपयोग नसतो. चुलतभाऊ दिसायला मातकट आहे.

आता नळाचा विषय निघालाच आहे. सोलापूरला उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं आणि घरात रोज येत नाही. काही दिवसांआड येतं. त्या दिवशी पिंप, हंडे, बादल्या, घमेली, सगळं भरून घ्यायचं असतं. अशा घरात हौशी सांगतो, की खाऱ्या पाण्याच्या टाकीला आधी अगदी शुद्ध गोडं पाणी लागतं. नळाच्या पाण्यातले क्षार आणि क्लोरीन चालत नाहीत, बोअरचं तर नावच काढायचं नाही. आरओचं पाणी हवं. आणि घरचं आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं.

आई हे सगळं शांतपणे ऐकून घेते.

“सगळं गाव गोड्या पाण्यासाठी रडायलंय,” ती म्हणते, “आन् हा गोडं पाणी विकत आणून खारट करायलाय.”

सागरी मत्स्यालयाच्या शास्त्राची इतकी नेमकी व्याख्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

खारट करायचं म्हणजे मीठ घालायचं, आणि मीठ तर घरात आहे, असं वडिलांचं म्हणणं. इथे समुद्राची खोड कळते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात बराचसा भाग आपल्या खायच्या मिठाचा, पण उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट अशी मोठी पंगत असते. मिठागरात पाणी आटवताना मिठाचे खडे आधी बसतात आणि मॅग्नेशियमचं कडू पाणी वाहून जाऊ देतात. म्हणून डब्यातलं मीठ हे समुद्राचं एकच बोट. बाकी हात आगरातच राहिलेला. वर पुडीतल्या मिठात आयोडीन आणि ते मोकळं राहावं म्हणून घातलेली पावडर. अशा पाण्यात कोळंबी टाकली तर ती फार तर मसाल्याची वाट बघेल.

समुद्रापासून लांब राहणाऱ्याची ही अडचण जुनी आहे. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द आजच्या अर्थानं रूढ करणारे इंग्रज निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी 1854 सालीच लंडनमध्ये बसून समुद्र बनवण्याची कृती छापली होती. साडेतीन औंस खायचं मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट, थोडं मॅग्नेशियम क्लोराइड, त्याहून थोडं पोटॅशियम क्लोराइड. एप्सम सॉल्ट म्हणजे आपल्याकडे पोट साफ व्हायला द्यायचे ते औषध. हौशी नव्या पेठेत जाऊन ते जरा जास्तच मागतो तेव्हा औषधवाला त्याच्याकडे सहानुभूतीनं बघतो. शेवटी गॉससाहेब बाजूला राहतात आणि परदेशी तयार सागरी मिठाची बादली कुरियरनं येते. शेकडो किलोमीटरची किनारपट्टी असलेल्या राज्यात मीठ बाहेरून मागवलं, हा टोमणा वडील पुढची दोन वर्षं पुरवून वापरतात.

मधल्या काळात खरा समुद्र आणायचाही बेत होतो. मुंबईहून येणाऱ्या मेहुण्यानं दोन कॅन भरून आणावेत. मेहुणा विचारतो, कुठून भरू? गिरगाव चौपाटीवरून भरलं तर त्यात समुद्र किती आणि मुंबई किती हे सांगता येत नाही. पावसाळ्यात नद्यांचं पाणी मिसळून किनाऱ्याचं पाणी पातळ होतं. शिवाय वीस लिटरच्या कॅनचं वजन वीस किलोंहून जास्त, आणि ते बर्थखाली ठेवून रात्रभर कलंडू न देणं म्हणजे स्वतः जागं राहणं. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला ही विवंचना नव्हती. 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्याचं उद्घाटन केलं तेव्हा समोर रस्ता ओलांडला की अख्खा अरबी समुद्र होता. समुद्राच्या दारात मत्स्यालय काढणं आणि सोलापुरात काढणं ह्यात आंबा रत्नागिरीत पिकवणं आणि अक्कलकोट रोडला पिकवणं एवढा फरक आहे.

टाकी लहान घ्यायची, हे हौशीनं आधीच ठरवलेलं असतं. लहान टाकी म्हणजे लहान त्रास, हा हिशेब कुणालाही पटेल असा आहे, आणि साफ चुकीचा आहे. समुद्राचा सगळा मोठेपणा तो बदलत नाही ह्यात आहे. कोळंबी जिथे राहते तिथे पाण्याचा खारटपणा आणि ऊब दिवसेंदिवस जवळपास तीच. चाळीस लिटरच्या टाकीत मात्र एक लिटर पाण्याची वाफ झाली की खारटपणा पस्तिसावरून छत्तिसाच्या आसपास सरकतो, कारण वाफ पाण्याची होते, मीठ मागे राहतं. तीन लिटर उडालं की जवळजवळ अडतीस. म्हणजे हौशी तीन दिवस लग्नाला बार्शीला गेला तर परत येईपर्यंत त्याचा समुद्र लोणचं व्हायच्या वाटेला लागलेला असतो. हजार लिटरच्या टाकीवाल्याला हे दुखणं नाही. पण हजार लिटरची टाकी ठेवायला स्लॅब कुणाचा आहे?

तर टाकी मांडली. तळाला बारीक पांढरी वाळू, मागे दगड. दगड वाळूवर ठेवायचे नाहीत. आधी काचेवर टेकवायचे आणि मग भोवती वाळू ओतायची. कारण येणारी बाई खोदणारी आहे. तिला दगडाखालीच बीळ लागतं आणि ती पायाचा विचार करत नाही. वाळूवर रचलेला दगड एका रात्रीत तिच्याच डोक्यावर बसतो. मालवणहून प्रवाळाचा तुकडा आणून मागे लावावा असं एखादा जाणकार सुचवतो, त्याचं ऐकायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001पासून प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. शोकेसवर वाघ ठेवता येत नाही, तसंच हेही.

मोटार सुरू, दिवा सुरू, पाणी फिरतंय. पाहुणे जमतात. चहा होतो. शेजारचे अप्पा काचेला नाक लावून बराच वेळ बघतात.

“मासे कुठायत?”

“अजून सोडले नाहीत. टाकी पिकायची आहे.”

“मग ह्यात काय आहे?”

“दगड.”

अप्पा जरा विचार करतात. “दगडं पाळायलास व्हय बे?”

टाकी पिकणं हा शब्द आंब्याचा, पण काम विरजणाचं आहे. माशांच्या घाणीतून अमोनिया सुटतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सोसवतं. ह्या दोन्ही जिवाणूंची वस्ती दगडावर आणि वाळूत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर त्यांना खायला कुणीतरी अमोनिया द्यावा लागतो. त्यासाठीचा एक जुना उपाय म्हणजे बाजारातून एक मेलेली कोळंबी आणून टाकीत कुजत ठेवायची. घर लिंगायताचं, चूल शुद्ध शाकाहारी, आणि बैठकीच्या खोलीत काचेआड दिवा लावून एक कोळंबी कुजवत ठेवलेली. ह्या प्रसंगाचं वर्णन न केलेलंच बरं. ज्यांचं घर टिकलं त्यांनी बाटलीतला अमोनिया वापरला होता.

हा दीड महिना हौशीला फार लांब वाटतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक चिमुकला गोबी आहे, एव्हिओटा सिजिलाटा. त्याचं उभं आयुष्य जास्तीत जास्त 59 दिवसांचं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत एवढं कमी आयुष्य दुसऱ्या कुणाचं नोंदलेलं नाही. जन्म, बालपण, लग्न, पोरंबाळं, सगळं दोन महिन्यांच्या आत. हौशीची टाकी पिकेपर्यंत त्या गरिबाची म्हातारपणाची तयारी सुरू झालेली असते.

मधे वाळूवर तपकिरी शेवाळ चढतं आणि सगळं गढूळ चहासारखं दिसू लागतं. नव्या टाकीत हे होतंच आणि आपोआप जातंही. पण आई एव्हाना घासणी घेऊन आलेली असते.

मग उन्हाळा. टाकीला 25-26 अंश हवेत, आणि बाहेर पारा 43वर. चिलर नावाचं यंत्र मिळतं, पण त्याची किंमत ऐकून हौशी माठाकडे वळतो. माठाची युक्ती सोलापूरला चांगली लागू पडते, कारण हवा कोरडी. टाकीच्या तोंडावर लहान पंखा लावला की वाफ होते आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हे इतकं साधत नाही. समुद्र पाळण्याच्या कामी सोलापूरनं मुंबईवर मात केलेला हा एकच मुद्दा. खोलीतला कूलर, पडदे आणि पंखा मिळून टाकी कशीबशी ताळ्यावर राहते. पण वाफ वाढली की पाणी घटतं, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ टाकीत गोडं पाणी ओतायचं. मिठाचं नाही, गोडं. समुद्राला तांब्यातांब्यानं गोडं पाणी पाजणारा माणूस बघून कामवाल्या मावशी कानाला हात लावतात.

तांब्या म्हटल्यावर आठवलं, तो स्टीलचा हवा. तब्येतीसाठी तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी माणसाला मानवत असेल. कोळंबीला तांबं म्हणजे विष. मासे आजारी पडल्यावर वापरायच्या कितीतरी औषधांत तांबं असतं, आणि ते औषध एकदा टाकीत गेलं की कोळंबी संपली. डासांची वडी, बाटलीतलं द्रव्य, गल्लीत येणारी धुराची गाडी, ह्यांतलं पायरेथ्रॉइड जातीचं औषध तर माशालाही भोवतं आणि कोळंबीला त्याहून जास्त. शेवटी कोळंबी ही किड्यांचीच लांबची नातेवाईक. धुराची गाडी आली की हौशी खिडक्या लावून हवेचा पंप बंद करतो आणि टाकीवर सोलापुरी चादर टाकतो. दिवाळीत त्याच टाकीला आई हळदकुंकू लावते. काचेवर बाहेरून लावलं तर चालतं, एवढी तडजोड दोन्ही बाजूंनी मान्य झालेली आहे.

अखेर ती दोघं येतात. थर्माकोलचा खोका, आत ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, एकीत मासा, दुसरीत कोळंबी. त्यांना थेट टाकीत सोडायचं नाही. पिशवीतलं पाणी भांड्यात घ्यायचं आणि बारीक नळीनं टाकीचं पाणी त्यात थेंब थेंब पाडत तास-दीड तास थांबायचं, कारण खारटपणातला एकदम बदल कोळंबीला सोसत नाही. ही पद्धत देशोदेशीचे लोक मोठं रहस्य असल्यासारखी सांगतात. डाळिंबाच्या जिल्ह्यातल्या माणसाला ठिबक शिकवायला नको. हौशीचा मामा सांगोल्याचा, तो येऊन वॉल्व्ह अर्ध्या मिनिटात लावून देतो आणि वर विचारतो, “खत कधी सोडायचं?”

हे जीव येतात कुठून, हा प्रश्न हौशीनं विचारावा अशी अपेक्षा आहे. बहुतेक समुद्रातून पकडलेलेच असतात. पण चित्र थोडं बदलतंय. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीनं तिथल्या बायका शोभेच्या कोळंब्या वाढवतात. पैदाशीतला जीव मिळत असेल तर तोच घ्यावा. तो टाकीला आधीच सरावलेला असतो.

पहिली रात्र. सगळे झोपलेत. अडीच वाजता बैठकीतून आवाज येतो: टाच्! आई उठून बसते. काच तडकली! दिवे लागतात, टॉवेल धावतात, आणि सोलापुरी टॉवेल किती पाणी पितो हे सिद्ध करायला सगळे सज्ज उभे राहतात. फरशी कोरडी. टाकी शाबूत. परत: टाच्!

ती कोळंबी. तिची एक नांगी दुसरीपेक्षा मोठी असते आणि ती मिटताना पाण्याची अशी चिळकांडी उडते की मागे एक बुडबुडा तयार होतो. आवाज नांगीवर नांगी आपटल्याचा नसून तो बुडबुडा कोसळल्याचा असतो, हे 2000 साली वेगवान कॅमेऱ्यानं दिसलं. पुढच्या वर्षी कळलं, की कोसळताना त्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाशाचा ठिपकाही निघतो आणि क्षणभर आतलं तापमान पाच हजार केल्व्हिनच्या घरात जातं. सोलापूरच्या मे महिन्याला खाली बघायला लावणारा जीव सोलापुरात पहिल्यांदाच आला असावा. दुसऱ्या महायुद्धात अशाच कोळंब्यांच्या कडकडाटानं पाणबुड्या हुडकणाऱ्यांचे कान भरून टाकले होते. आई म्हणते, तिला दिवसा वाजवायला सांग.

तिसऱ्या आठवड्यात खरा घाव बसतो. सकाळी टाकीच्या कोपऱ्यात कोळंबी आडवी पडलेली, पारदर्शक, पाय ताठ. हौशी कामावर जात नाही. आईसुद्धा विरघळते, कितीही झालं तरी घरातला जीव. चमच्यानं ती अलगद बाहेर काढतात, कुंडीत तुळशीपासून जरा लांब पुरतात. अप्पा भेटायला येऊन जातात. आणि संध्याकाळी दिवा लागल्यावर बिळातून वाळूचा ढीग लोटत कोळंबी बाहेर येते, आधीपेक्षा जरा मोठी, रंग नवा. तिनं कात टाकली होती. कवचधारी जिवांना वाढायचं तर जुनं कवच सोडावंच लागतं, आणि ते इतकं हुबेहूब निघतं की पहिल्या वेळी सगळेच फसतात. दुसऱ्या कातीला आई कुणाला उठवत नाही.

मासा मात्र खरंच जाऊ शकतो. गोबी घाबरला की उडी मारतो, आणि उघड्या टाकीतून मारलेली उडी थेट सोफ्याखाली संपते. म्हणून मच्छरदाणीची जाळी चौकटीत ताणून टाकीवर बसवायची. वाफही अडत नाही, मासाही जात नाही.

बघायला जायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर जावं. दहा मिनिटं हालचाल न करता बसलं तर दोघंही बाहेर येतात. डासांचं औषध लावून जाऊ नये, काचेवर टिचकी मारू नये. त्या खात्याला आत माणूस नेमलेला आहे. आणि येताना जमलं तर आरओचा एक जार घेऊन यावा. नळ परवा येणार आहे.